लीड्समधला काकूंचा वर्ग

क्रॉयडनच्या एका फार्मसीच्या काउंटरवर मी नऊ वर्षं उभी होते. खोकल्याचं औषध, उन्हाळ्यात शिंकांच्या गोळ्या, लहान मुलांच्या तापाचं गुलाबी सिरप, कागदी पिशवीत घातलेली प्रिस्क्रिप्शनं. नाव विचारायचं, पत्ता विचारायचा, पिशवी द्यायची. काम वाईट नव्हतं आणि मी ते चांगलं करत होते. मात्र नागपूरला तीन वर्षं माझा स्वतःचा दवाखाना होता, दारावर माझ्या नावाची पाटी होती आणि त्या नावाच्या आधी ‘डॉ.’ होतं, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. आयुर्वेदाची पदवी इथल्या सरकारदरबारी डॉक्टरकी म्हणून चालत नाही, हे येण्याआधीच माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि रोज पांढरा कोट घालून दुसऱ्याच्या औषधांची पिशवी पुढे करणं वेगळं.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण तोवर जर्मनीत स्थायिक झाली होती. ती तिकडच्या लोकांना शनिवार-रविवार आयुर्वेद शिकवायची. एकदा तिचा फोन आला. लीड्समध्ये असाच एक कोर्स चालतो, त्यांना शिकवणारं माणूस हवंय, मी तुझं नाव दिलंय, नाही म्हणू नकोस. मी नाहीच म्हणणार होते. मला सगळं आठवत असेल याची खात्री नव्हती. नवरा शेजारी बसून बोलणं ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, “जाऊन तर ये. नाही जमलं तर परतीचं तिकीट आहेच.”

महिन्यातून दोन शनिवार. ईस्ट क्रॉयडनहून सेंट पँक्रस, तिथून चालत शेजारचं किंग्ज क्रॉस आणि मग उत्तरेकडे जाणारी लांबची गाडी. लीड्सला उतरून बसने एका चर्चमागच्या हॉलपर्यंत. हॉल आठवडाभर इतरांचा असायचा. भिंतीवर लहान मुलांच्या बोटांचे रंगीत ठसे, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या बुटक्या खुर्च्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाच्या पाण्याचा मोठा डबा. रेडिएटर एक तर चालायचाच नाही, नाहीतर इतका तापायचा की खिडक्या उघडाव्या लागायच्या. कोर्स चालवणारे गृहस्थ इंग्रज होते. तरुणपणी केरळात चार वर्षं राहून शिकलेले, हळू बोलणारे. त्यांनी मला फळ्यापाशी नेलं, खडूची पेटी दिली आणि ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

समोर अकरा जण होते. मी मला येत होतं तसं शिकवायला लागले, म्हणजे नागपूरला मला जसं शिकवलं गेलं होतं तसं. व्याख्या सांगायची, दोनदा म्हणायची, लिहून घ्यायला लावायची. अर्धा तास खडू आणि पेनं चालत राहिली. पहिल्या रांगेत साठीच्या एक बाई बसल्या होत्या. आखूड पांढरे केस, रुंद मनगटं, अंगात हाताने विणलेलं निळं कार्डिगन. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

“हे तू सांगते आहेस तसा पेशंट तू स्वतः पाहिला आहेस का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो. पुष्कळ.”

“मग त्यातल्या एकाबद्दल सांग ना, लव्ह. व्याख्या मी घरी वाचेन.”

यॉर्कशरमध्ये बस कंडक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. मला ते माहीत नव्हतं, त्यामुळे आधी त्या शब्दानेच मी गडबडले. आणि एकही पेशंट आठवेना. मग आठवली ती माझ्या दवाखान्यात दर मंगळवारी येणारी एक शिंपीण. शिवणयंत्रावर बसून बसून पोटाची सगळी घडी विस्कटलेली बाई. मी तिच्याबद्दल बोलायला लागले. ती कशी बसायची, काय खायची, काय लपवायची. कुणी काही लिहून घेत नव्हतं. सगळे ऐकत होते.

त्या बाई एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या, चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. नागपूरच्या वॉर्डातही आम्ही नर्सना सिस्टरच म्हणायचो, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना तेच नाव दिलं. मला मात्र नाव मिळालं ते दुसरीकडूनच. वर्गात एक मराठी मुलगी होती. आईवडील पुण्याचे, ती जन्मली-वाढली लीड्सलाच, तिथेच हॉस्पिटलात फार्मसिस्ट. मराठी बोलायची, पण तिचं मराठी घराबाहेर फारसं गेलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली.

“काकू, माझा आजी पण आयुर्वेद करायचा,” ती म्हणाली. “म्हणजे डॉक्टर नाही. घरी. काढे आणि सगळं. मला ते प्रॉपर्ली शिकायचंय.”

सिस्टर शेजारीच बिस्किट चहात बुडवत उभ्या होत्या. ‘काकू’ म्हणजे आयुर्वेदाच्या शिक्षिकेला म्हणायचं काहीतरी मानाचं नाव असणार, अशी त्यांची समजूत झाली. जेवणानंतर त्यांनी मला वर्गात “काकू” अशी हाक मारली, आणि पुढच्या शनिवारपर्यंत अकराच्या अकरा जण मला काकू म्हणायला लागले. कोर्सच्या वेळापत्रकातसुद्धा एकदा ‘काकू: दहा ते एक’ असं छापून आलं. त्या मुलीला खरं काय ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघून गालात हसायची, पण तिने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

त्या वर्गात मी शिकवलं त्याहून जास्त शिकले, असं म्हणायची एक पद्धत आहे. माझ्याबाबतीत काय झालं ते नेमकं सांगते.

औषधी वनस्पतींचा विषय होता. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवी आणि प्रत्येक चवीने शरीरात काय घडतं हे शिकवायचं होतं. नागपूरला आमच्या विभागात भिंतभर काचेच्या बरण्या होत्या. आत वाळलेली मुळं, साली, फळं आणि बाहेर चिकटवलेली नावं. परीक्षेत बरणी दाखवली की नाव, चव, गुण धडाधड सांगायचे. पाच वर्षांत त्या बरण्यांची झाकणं आम्ही कधी उघडली नाहीत. लीड्सला तर बरण्याही नव्हत्या. मी चित्रं काढून नेली होती.

सिस्टरांनी त्या दिवशी दोन पिशव्या आणल्या. त्यांच्याकडे अलॉटमेंट होतं, म्हणजे तिथली नगरपालिका भाजीपाला लावायला देते तसा जमिनीचा एक तुकडा. पिशव्या टेबलावर ओतून त्या म्हणाल्या, “तुझ्या वनस्पती इथे उगवत नाहीत. या उगवतात. यांच्या चवी कुठल्या?”

मी म्हटलं, “या आपल्या ग्रंथांत नाहीत.”

“असतील कशा? ज्यांनी ग्रंथ लिहिले ते कुठे लीड्सला आले होते? पण जीभ तर तीच आहे ना?”

आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो आणि एकेक पान चावायला सुरुवात केली. डँडेलियनचं पान कडू लागलं. ब्लॅकबेरीचं पान तुरट, जीभ आत ओढून घेणारं. सॉरेल तोंडात घातलं आणि मी थबकले. आमच्याकडचा आंबट चुकाच तो, फक्त पान जरा लांबट. माझी आई त्याची डाळ घालून भाजी करायची. ती चव मला क्रॉयडनमध्ये इतक्या वर्षांत मिळाली नव्हती, आणि इथे ती एका चर्चच्या हॉलमध्ये, मातीच्या वासासकट हातात आली. मग हॉर्सरॅडिशचं मूळ किसलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. फार्मसिस्ट मुलगी नाक पुसत म्हणाली, “काकू, ही तिखट आहे की हा तिखट आहे?” मी म्हटलं, “हे. मूळ, म्हणून हे.” ती म्हणाली, “मग ते मला आवडला.” त्या दुपारी कुणाला काही पाठ करावं लागलं नाही. पुढे परीक्षेत त्या प्रश्नावर एकाचीही चूक झाली नाही.

दुसऱ्या एका शनिवारी आम्ही तूप सिद्ध करायला घेतलं. औषधांचा कल्क म्हणजे वाटलेला गोळा, पाणी आणि तूप एकत्र मंद आचेवर ठेवून पाणी उडेपर्यंत आटवायचं. आच मंद राहिली नाही. धुराचा अलार्म वाजायला लागला आणि हॉलचे वयस्क राखणदार लांब दांड्याचा झाडू घेऊन धावत आले, छताला झाडू लावून त्यांनी अलार्म बंद केला आणि मग पातेल्यात डोकावून विचारलं, “हे खायचं असतं?” एक जण म्हणाला, अर्धा चमचा, सकाळी. राखणदारांनी चमचा घेतला, चाटला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “माझ्या आजीचं खोकल्याचं औषध याहून वाईट होतं.” तेव्हापासून ते आमच्यासाठी रेडिएटर आधीच चालू करून ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पेशंट पाहायचे, असं होतं. शिक्षकाने शेजारी बसायचं. हॉलच्या बाजूच्या छोट्या खोलीत आम्ही टेबल मांडलं. पेशंटला आधीच सांगितलेलं असायचं की हे शिकणारे लोक आहेत. क्लिनिक सुरू करण्याआधी मला विद्यार्थ्यांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागायच्या. इथे स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. आजार बरा करतो असं लिहायचं नाही. धातूंची भस्मं वापरायची नाहीत. पेशंटच्या जीपीची, म्हणजे त्याच्या नेहमीच्या सरकारी डॉक्टरची, औषधं आपण बंद करायची नाहीत. हे मी दरवेळी भराभर सांगून टाकायचे. नियम मला मान्य होते. पण ‘डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही’ हे वाक्य मी त्यांना सांगत असले तरी पहिलं मलाच लागू होतं.

म्हणून क्लिनिकचे ते दिवस मला फार प्रिय होते. समोर पेशंट, आजूबाजूला शिकणारे, आणि मी पुन्हा वैद्य. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

एका शनिवारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. आयुष्यभर लीड्समध्ये बस चालवलेले, पंजाबी, नीट इस्त्रीचा शर्ट. थकवा येतो, पोट फुगतं, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते. कागदावर ‘चालू औषधे’ या रकान्यात त्यांनी ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला, मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी वेडीवाकडी चालत होती, मध्येच पळत होती, मध्येच थांबत होती. वाताची नाडी कशी असते हे मी वर्गाला कितीदा शब्दांत सांगितलं होतं, आता ती बोटाखाली होती. मला आनंद झाला. मी एकेकाला पुढे बोलावलं. “बघा, ही कशी सरपटते ते बघा.” एकामागून एक विद्यार्थी बोटं ठेवून माना हलवत होते.

सिस्टरांची पाळी आली. त्यांनी बोटं ठेवली आणि कार्डिगनला अडकवलेलं नर्सचं घड्याळ उलटं करून धरलं. पूर्ण एक मिनिट. मग आणखी एक मिनिट. मग त्या खाली वाकल्या, त्या गृहस्थांचा मोजा जरा खाली सरकवला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला.

“काकू, जरा बाहेर येतेस?” त्या म्हणाल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलांच्या चित्रांखाली आम्ही उभ्या राहिलो.

“याला आज दुपारी हॉस्पिटलात न्यायला हवं,” सिस्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, “मी बघते आहे ना त्यांना.”

“नाही, लव्ह. तू आम्हाला शिकवते आहेस. त्याला कुणीच बघत नाहीये.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात पेशंटच्या पलंगापाशी बोलतात तसा होता. मला मात्र ते झोंबलं. पन्नाशीला आलेली मी, या विषयाची पदवी घेतलेली, आणि माझीच विद्यार्थिनी मला बाजूला घेऊन हे सांगते आहे. क्षणभर मला त्यांचा राग आला. मग दाराच्या काचेतून मला ते गृहस्थ दिसले. विद्यार्थी उठून गेल्यावर ते खुर्चीच्या हाताला धरून श्वास घेत होते. मी त्यांचा हात दहा मिनिटं धरला होता आणि हे मला दिसलं नव्हतं.

आम्ही आत गेलो. तेवढ्यात फार्मसिस्ट मुलीने त्यांच्यासमोर बसून वेगळाच प्रश्न विचारला होता. आता औषधं घेत नाही, पण आधी घेत होतात का? तर हो, ब्लड प्रेशरच्या आणि पाणी कमी करायच्या गोळ्या होत्या. आयुर्वेद सुरू करायचा म्हणून त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी स्वतःहून सगळ्या बंद केल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाच वाटलं होतं की दोन्ही एकत्र चालत नसणार.

मी त्यांच्याशी हिंदीत बोलले. म्हटलं, तुमच्या हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायला हवं.

ते म्हणाले, “बेटा, मैं तो तुम्हारे पास आया था।”

मी म्हटलं, “मी पण येते बरोबर.”

सिस्टरांनी गाडी काढली. मी मागे त्यांच्या शेजारी बसले. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत शिरताना सिस्टरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि तिथल्या नर्सने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच खुर्ची आणली. मी त्या गृहस्थांची पिशवी धरून उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं.

परतीच्या गाडीत मी जेवणाचा डबा उघडला नाही. इतकी वर्षं शिकवलेलं, शिकलेलं सगळं खोटं होतं का, इथपर्यंत विचार गेले. नाडी मला कळली होती. ती बिघडलेली आहे हेही कळलं होतं. पण मी तिला एक नाव दिलं आणि तिथेच थांबले. ते नाव सांगण्याचं सुख मला पुरेसं झालं होतं.

रविवारी सकाळी मी नागपूरला माझ्या सरांना फोन केला. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. आमच्या कॉलेजात त्यांच्या ओपीडीबाहेर रांग लागायची आणि आम्ही विद्यार्थी त्यांच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे असायचो. मी सगळं सांगितलं, माझं वागणंही वगळलं नाही.

ते म्हणाले, “पेशंट कसा आहे?”

“ठीक आहेत, सर. वॉर्डात ठेवलंय. दोन-चार दिवसांत सोडतील म्हणाले.”

“मग झालं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

“सांगते,” मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, “अगं, मी प्रॅक्टिस सुरू केली त्याच्या पहिल्याच वर्षी एका पोराच्या पोटदुखीला दोन दिवस काढे देत बसलो. अपेंडिक्स होतं. फुटलं. पोरगं वाचलं, ते त्याच्या मामाने उचलून मेडिकल कॉलेजात नेलं म्हणून.”

“सर, हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं. तुमचा माझ्यावरचा विश्वास जाईल असं वाटायचं. आता वाटतं, सांगायला हवं होतं.”

पुढच्या शनिवारी मी फळ्याकडे गेले नाही. खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्या दिवशी काय झालं, मला काय वाटलं, सिस्टरांचा राग कसा आला, सगळं वर्गाला सांगितलं. माझं बोलून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, “मीही एकदा चुकीच्या पेशंटला इंजेक्शन दिलं होतं. पंचवीस वर्षांची असताना.” मग फार्मसिस्ट मुलगी बोलली. मग मागून आणखी एक जण. जेवणाची वेळ टळून गेली. त्या दिवसापासून पेशंटचा कागद भरताना आधी कुठली औषधं घेत होतात हा प्रश्न आम्ही हाताने लिहून जोडला, आणि मी नाडी शिकवायच्या आधी घड्याळ लावून ठोके मोजणं शिकवायला लागले. ते सिस्टरांनी शिकवलं, मी बाजूला बसले.

ते गृहस्थ दीड महिन्याने परत आले. हातात हॉस्पिटलचं पत्र आणि बर्फीचा डबा. पत्र फार्मसिस्ट मुलीने वाचलं, गोळ्यांची यादी तपासली. मी त्यांना कुठलंही औषध दिलं नाही. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, झोपायची एक ठरावीक वेळ, आणि झोपण्याआधी बायकोकडून तळपायाला तेल. “बायको हसेल,” ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊनच आले. ती खरंच हसत होती. झोप येते आता, म्हणाली, दोघांनाही.

सिस्टरांच्या हातात एवढं शहाणपण होतं, पण संस्कृत शब्द काही त्यांच्या डोक्यात राहीनात. पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत त्या नापास झाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नापास झाले, म्हणाल्या, आणि दोन दिवस कुणाचा फोन उचलला नाही. मग फार्मसिस्ट मुलीने त्यांना सगळे शब्द फोनवर रेकॉर्ड करून दिले. सिस्टर बसमध्ये ऐकायच्या. लीड्सच्या मराठी मुलीचे उच्चार यॉर्कशरच्या बाईंच्या तोंडून ऐकताना मला हसू आवरणं कठीण व्हायचं.

शरीरातले सात धातू क्रमाने लक्षात ठेवायला त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. घरापासून हॉलपर्यंतचे सात बस स्टॉप. पहिल्या स्टॉपला रस, दुसऱ्याला रक्त, असं करत सातव्याला शुक्र, म्हणजे हॉलचं दार. शेवटच्या तोंडी परीक्षेला लंडनहून एक वयस्क गुजराती वैद्य आले होते, कडक माणूस. मी स्वतःच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊ शकत नव्हते, म्हणून बाहेर चहा करत होते. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला, आणि तो त्या वैद्यांचा होता.

सिस्टर बाहेर आल्या आणि धपकन खुर्चीत बसल्या. “मी पाच सांगितले आणि थांबले,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, हाडांच्या नंतर काय? मी म्हटलं, तो स्टॉप बंद आहे. रस्त्याचं काम चाललंय तिथे, बस थांबत नाही. ते म्हणाले, कसला स्टॉप? मग मला सगळं सांगावं लागलं.”

“मग?”

“मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि विचारलं, रस्ता दुरुस्त झाल्यावर तिथे काय असेल? मी म्हटलं, मज्जा.”

पास झाल्या. त्यांनी दवाखाना मात्र काढला नाही. शेवटच्या दिवसांतल्या आजारी माणसांसाठी शहरात एक हॉस्पिस होतं, तिथे त्या आठवड्यातून दोन दिवस जाऊन लोकांच्या तळपायांना कोमट तिळाचं तेल लावायच्या. तिथल्या डॉक्टरांना विचारून, प्रत्येकाची परवानगी घेऊन. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते. सिस्टर त्यांच्याशी फुटबॉलबद्दल बोलत होत्या आणि हात चालू होते. मी दुसऱ्या पायाशी बसले. तासाभरात आम्ही आयुर्वेद हा शब्दही उच्चारला नाही.

पुढे विद्यार्थी कमी होत गेले. अकराचे सात, साताचे चार. लोकांना घरबसल्या शिकायचं होतं, आणि बरेचसे कोर्स स्क्रीनवर गेले. केरळात शिकलेले ते गृहस्थही थकले होते. शेवटच्या शनिवारी आम्ही कपाट रिकामं केलं. तेलाचे डाग पडलेले टॉवेल, वजनकाटा, दोन मोठी पातेली. राखणदारांनी एक पातेलं सूप करायला ठेवून घेतलं. मला खडूची पेटी घ्यावीशी वाटली, पण ती हॉलची होती म्हणून मी ती टेबलावरच ठेवली.

आता बुधवारी संध्याकाळी मी क्रॉयडनमधून ऑनलाइन शिकवते. पोर्तुगालमधून, नेदरलँड्समधून, जर्मनीतून चौकोनाचौकोनांत चेहरे दिसतात. मुलं हुशार आहेत, मनापासून शिकतात. फार्मसीचं काम मी सोडलं आणि घरातल्या पुढच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस पेशंट बघते. पाटीवर माझं नाव आहे, त्याच्या आधी काही नाही. सुरुवातीला ती रिकामी जागा डोळ्यांत खुपायची. कधी खुपेनाशी झाली ते सांगता येणार नाही.

फार्मसिस्ट मुलगी आता एडिनबराच्या हॉस्पिटलात आहे. लग्न ठरलंय, मुलगा पुण्याचा. त्याच्या व्हिसाच्या काही कामासाठी मागच्या महिन्यात ती क्रॉयडनला आली आणि आमच्याकडे जेवायला थांबली. पानावर बसता बसता म्हणाली, “काकू, माझी आजी लग्नाला येणार आहे.” मी वाढता वाढता थांबले. तिचं मराठी सुधारलं होतं. होणारा नवरा फोनवर चुका काढतो, म्हणाली. बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण थोडं हळहळलंही मन.

जेवणानंतर तिने सिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्या आता बहिणीजवळ समुद्रकाठच्या गावात राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कॅमेरा आधी छताकडे, मग त्यांच्या कपाळाकडे, मग एकदाचा चेहऱ्यावर आला. बहीण कोबी फार शिजवते, अशी त्यांची तक्रार होती. गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, सर्जनने छान काम केलंय, आणि रोज संध्याकाळी तेल लावते. मग आम्ही तिघी कुणाचं काय चाललंय यावर बोलत राहिलो. बोलता बोलता मुलीने लग्नाची तारीख सांगितली. सिस्टरांनी बहिणीला हाक मारून कॅलेंडर मागवलं, चष्मा शोधला आणि तारखेभोवती पेनाने गोल केला.

“साडी कोण नेसवणार मला?” त्यांनी विचारलं.

“काकू नेसवतील,” मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, “नऊवारी की पाचवारी?”

सिस्टरांनी दोन्हींमधला फरक विचारला, आणि तो समजावता समजावता मुलीची स्टेशनकडे जाणारी ट्राम चुकली.